वादळाच्या मोसमात समुद्रकाठचा नवा भाग ओळखीचा कसा करायचा? (सातारा ते गॉलवे)

माहुलीची_पोर

नमस्कार मंडळी. मी संगम माहुलीची, शाळा-कॉलेज साताऱ्यात. काही वर्षं डब्लिनला होते. या ऑक्टोबरात नोकरी बदलली आणि आम्ही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेला आलो. घर सॉल्टहिलमध्ये मिळालंय. समुद्राकाठचा फरसबंद रस्ता, ज्याला इथं सगळे 'प्रॉम' म्हणतात, तिथून दोन गल्ल्या आत.

अडचण अशी की आल्यापासून हवामान खात्याचा काही ना काही इशारा चालूच आहे. आज पिवळा, परवा नारिंगी. त्यात दिवस इतका लहान की डिसेंबरात सूर्य पावणेनऊनंतर उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. कामाला जाताना अंधार, येताना अंधार. उरतात शनिवार-रविवार, आणि वादळं नेमकी तेव्हाच येतायत.

नवीन ठिकाणी गेलं की मला पायी फिरल्याशिवाय चैन पडत नाही. साताऱ्यात राजवाड्यापासून चार भिंतीपर्यंतचा प्रत्येक बोळ मला पायांनी माहीत आहे. इथं मात्र अजून कामाचा रस्ता, दुकान आणि बसथांबा यापलीकडे काही कळलेलं नाही. नवरा म्हणतो, एप्रिलपर्यंत थांब, मग काय फिरायचं ते फीर. मला ते पटत नाही. ज्या मोसमात हा किनारा सगळ्यात कठीण असतो, त्याच मोसमात तो समजला पाहिजे, नाहीतर पुढच्या हिवाळ्यातही आम्ही नवखेच राहू.

तर जे परदेशात समुद्राकाठी राहतात त्यांनी आपला भाग कसा ओळखीचा करून घेतला? वादळी दिवसांत बाहेर पडता का? काय बघता? आणि सांगलीकरांनीही लिहा, तुमच्याइतकं पाणी कुणी बघितलंय?

---

बेदाणा

नवऱ्याचं ऐक, एप्रिलपर्यंत थांब. तोवर घरात बसून भडंग खा. तासगावहून पाठवू का?

---

घाटमाथा

मी उलट सांगेन. समुद्र बघायचा तर वादळातच. आम्ही भर जुलैत यवतेश्वर घाटातून कासला जातो, ठोसेघरला जातो. पाऊस आहे म्हणून घरात बसायला लागलो तर आपल्या जिल्ह्यात चार महिने कुणी दाराबाहेर पडणारच नाही. चांगला रेनकोट घ्यायचा आणि निघायचं. लाटा भिंतीवर फुटताना बघण्यासारखं दुसरं काय आहे तिथं? व्हिडिओ टाक नक्की.

---

आयर्विन_४५

पोरी, तू सांगलीकरांना हाक मारलीस म्हणून लिहितो. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, जन्म गावभागातला. समुद्राचं मला फारसं कळत नाही, पण पाणी वस्तीत कसं शिरतं ते कळतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की पूर येतो म्हणजे नदी घाटाच्या पायऱ्या चढून समोरून येते. तसं होत नाही. पाणी आधी नाल्यांतून उलटं येतं. नदीची पातळी वाढली की नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं, मग नदीच नाल्यात घुसते आणि नदीपासून लांब, पण खोलगट असलेल्या भागात पहिल्यांदा उगवते. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथली माणसं सामान हलवत असतात तेव्हा नदीच्या जास्त जवळची उंचावरची गल्ली कोरडी असते. अंतराला काही अर्थ नाही, उंचीला आहे.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या गल्लीतल्या खांबावर २००५ ची रेघ होती, तिच्या वर २०१९ ची मारली. नवीन भाडेकरू आला की मी त्याला पहिल्यांदा तो खांब दाखवतो. मग किती फुटांना आपल्या घराचा कुठला रस्ता बंद होतो ते सांगतो.

म्हणून तू कोरड्या, शांत दिवशी फीर आणि उतार बघ. कुठली गल्ली समुद्राकडं उतरते, कुठली उलटी घराकडं उतरते. कुठल्या गटाराच्या जाळीतून पाणी बुडबुडतं. तुमच्या गावात नदी समुद्राला मिळते का? मिळत असेल तर तो मुखाचा भाग आधी बघून घे. बाकी सगळं नंतर.

---

दक्षिणवारा

काकांनी खांबाचं लिहिलं ते वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे तशीच रेघ चक्क रस्त्यावर आहे.

मी मिरजेचा, राहतो न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनच्या दक्षिण किनाऱ्यावर आयलंड बे नावाच्या भागात. इथं डांबरी रस्त्यावर आडवा निळा पट्टा रंगवलाय. त्सुनामी आली तर पाणी इथवर येऊ शकतं, याच्या वर गेलात की तुम्ही सुरक्षित, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या भागांतही आहेत. घर घेतलं तेव्हा निळ्या पट्ट्यापर्यंत चढायला किती वेळ लागतो ते पोरांना घेऊन चालून बघितलं. तोच आमचा पहिला फेरफटका.

वाऱ्याचं म्हणशील तर वेलिंग्टनला दोनच वारे, उत्तरेचा आणि दक्षिणेचा. दक्षिणेचा थेट अंटार्क्टिकाकडून येतो. १० एप्रिल १९६८ च्या वादळात 'वाहिने' नावाची मोठी फेरीबोट इथल्या बंदराच्या तोंडाशीच बुडाली, पन्नासहून जास्त माणसं गेली. म्हातारी माणसं अजून त्या दिवसाबद्दल बोलतात. शेजाऱ्यांशी ओळख व्हायची असेल तर इथं वाऱ्याचा विषय काढायचा, तासभर गप्पा होतात.

घाटमाथा, तुझ्या वयात मीही असाच होतो. पण घाटातला पाऊस आणि समुद्राची लाट एकच समजू नकोस.

---

क्लाडा_काठ

माहुलीची पोर, मी तुझ्यापासून फार लांब नाही! कराडची, गॉलवेत बरीच वर्षं आहे. आयर्विनकाकांनी नदीमुखाचं विचारलंय, त्याचं उत्तर देते.

कॉरिब नदी गावाच्या मधून येऊन स्पॅनिश आर्चपाशी खाडीत पडते, आणि पलीकडे क्लाडा, जुन्या कोळ्यांची वस्ती. काका, तुम्ही नाल्याचं जे सांगितलंत तेच इथं होतं. भरती मोठी असली की नदीला बाहेर पडायला वाव राहत नाही. त्यात वरून पाऊस झालेला असेल तर पाणी स्पॅनिश आर्चच्या चौकात येतं. महापालिका आधीच तिथं पाणी भरून फुगवलेली लांबलचक नळकांडी आडवी टाकते. सॉल्टहिलला समुद्राकाठचे वाहनतळ रिकामे करायला सांगतात. ते बंद झालेले दिसले की समज, प्रॉमवर जायचं नाही.

आता समुद्राचं. तीन गोष्टी एकत्र बघाव्या लागतात. पहिली भरती. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, तेव्हा इथं ओहोटी-भरतीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, ती लहान. आईकडून आलेलं मराठी कॅलेंडर मी त्यासाठी भिंतीवर ठेवलंय आणि त्याच्या शेजारी गॉलवे बंदराचं भरतीचं वेळापत्रक. दुसरी गोष्ट हवेचा दाब. दाब एक हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो. खोल वादळात दाब नेहमीपेक्षा चाळीस-पन्नासने कमी होतो, म्हणजे लाट नसतानाच पाणी अर्धा मीटर वर. तिसरी गोष्ट वारा. खाडीचं तोंड पश्चिमेला आहे, ॲरन बेटं थोडी आडवी येतात, पण सॉल्टहिलचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे. वारा दक्षिणेचा किंवा नैऋत्येचा असेल तर तो पाणी थेट आपल्या भिंतीवर ढकलतो. तोच वायव्येचा झाला की घरं थरथरतात, पण प्रॉमवर तेवढं पाणी येत नाही.

तिन्ही एकाच वेळी जुळले तर त्या दोन-तीन तासांत घरात राहायचं. त्याच दिवशी ओहोटीच्या वेळी, वारा उतरल्यावर, आरामात चालून येता येतं. नुसतं 'वादळ आहे' एवढ्यावरून काही ठरवू नकोस.

---

माहुलीची_पोर

@क्लाडा_काठ, ताई, तुम्ही इथंच आहात हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! हे कुणीतरी समजावून सांगायला हवंच होतं.

@आयर्विन_४५, काका, संगम माहुलीच्या घाटावर आम्ही वेण्णा-कृष्णेचं पाणी चढताना बघत मोठे झालो, पण उलट्या नाल्याचं कधी डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडचं पाणी पुढं तुमच्याकडं येतं, म्हणून हे तुम्हाला माहीत आणि आम्हाला नाही.

@घाटमाथा, व्हिडिओ टाकेन, पण खिडकीतून काढलेला.

---

घाटमाथा

खिडकीतून काय मजा. मी काय समुद्रात उडी मार म्हणत नाही. भिंतीपासून थोडं लांब उभं राहायचं, एवढंच. इतकं घाबरून कसं चालेल? वाऱ्याला काय भ्यायचं, आम्ही चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली उभे राहतो.

---

पठारावरचा

चाळकेवाडीचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. वारा साधारण सेकंदाला २५ मीटरवर गेला, म्हणजे ताशी ९०, की यंत्र आपोआप पात्यांची कड वाऱ्याकडं वळवून थांबतं. जी वस्तू वाऱ्यासाठीच बांधली तिलाही त्यापुढं चालू ठेवत नाहीत. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ६० चा वारा अंगावर घेतला म्हणून १२० चा घेता येईल असं नसतं. छपराचा पत्रा, कुंपणाची फळी, कचऱ्याचा डबा, सगळं उडत येतं.

पठारावर तू उभा राहतोस तेव्हा आजूबाजूला उडायला काही नसतं, मित्रा. वस्तीत असतं.

---

क्लाडा_काठ

बरोबर. २४ जानेवारी २०२५ चं एओविन वादळ मी इथं काढलंय. आमच्याच जिल्ह्यातल्या मेस हेडला ताशी १८३ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. देशाचा आधीचा विक्रम १९४५ चा, फॉइन्स गावातला, १८२ चा होता, तो मोडला. अख्ख्या देशाला लाल इशारा, शाळा बंद, बस बंद. पहाटे जो आवाज होता तो शिट्टीसारखा नव्हता, सलग घरघर होती, आणि मध्येच छपरावर काहीतरी आपटायचं. साडेसात लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. काही घरांना ती परत यायला दोन आठवड्यांच्या वर लागले. ज्यांचं पाणी पंपावर अवलंबून होतं त्यांचं पाणीही गेलं, आणि बऱ्याच ठिकाणी मोबाइलही.

लाटेबद्दल एकच सांगते. भिंतीवरून येणारी लाट परत जाताना ओढते. घोट्याच्या वर, वेगानं वाहणारं पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं. शिवाय लाटेबरोबर दगड येतात. वादळानंतर प्रॉमवर पडलेले दगड बघ, नारळाएवढे असतात. ते तिथं कुणी ठेवलेले नसतात.

---

अदालतवाडा_आई

मी साताऱ्यातून लिहिते. माझी मुलगी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला आहे. तुम्ही सगळे वाऱ्याचं, लाटांचं बोलताय, पण इकडे आमचं काय होतं तेही ऐका. बातम्यांत वादळाचं नाव आलं की मी फोनवर तो रंगीत नकाशा उघडून बसते. लाल रंग तिच्या गावावरून जाईपर्यंत झोप नाही. फोन लागला नाही की डोक्यात नको ते येतं.

एवढंच सांगणं, की इशारा आला की आधी घरी कळवा. वीज जाईल, फोन बंद पडेल, पण मी घरातच आहे, असं एक वाक्य पुरतं.

---

आयर्विन_४५

ताई, अगदी बरोबर बोललात. २०१९ ला आमच्याकडं आठवडाभर वीज नव्हती. पुण्यातला मुलगा वेडापिसा झाला होता. तेव्हापासून आमचं ठरलंय की पातळी ४० च्या पुढं गेली की सकाळी आठ आणि रात्री आठ, एवढ्याच वेळी फोन चालू करायचा, एक निरोप टाकायचा आणि बंद करायचा. बॅटरी टिकते आणि त्यालाही माहीत असतं कधी वाट बघायची.

---

योकोहामाकर

थोडक्यात लिहितो. जपानमध्ये नवीन घरी गेलं की वॉर्ड ऑफिसमधून तुमच्या भागाचा धोक्याचा नकाशा मिळतो. नदीचं पाणी किती मीटर येईल, दरड कुठं कोसळू शकते, जवळची निवाऱ्याची शाळा कुठली, सगळं रंगात. ऑक्टोबर २०१९ च्या हागिबिस वादळाच्या आधी रेल्वेनं आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं की गाड्या बंद राहतील. खिडक्यांना बाहेरून सरकत्या झडपा असतात, त्या ओढून घरात बसलो. तुमच्याकडे असा पूरनकाशा नक्की असेल, शोध.

---

माहुलीची_पोर

@योकोहामाकर, हो, आयर्लंडचाही सरकारी पूरनकाशा आहे, कालच बघितला. आमची गल्ली रंगाबाहेर आहे, पण बसथांब्याकडे जायचा रस्ता रंगात आहे! काकांचं 'कुठला रस्ता बंद होतो ते बघ' अगदी पटलं.

@अदालतवाडा_आई, काकू, तुमचं वाचून लगेच आईला फोन केला.

---

जुनी_पानं

वाऱ्यावरून आठवलं. आयर्लंडमध्ये १८३९ च्या ६ जानेवारीच्या रात्री महाभयंकर वादळ झालं होतं, त्याला तिथं 'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणतात. पुढं १९०९ मध्ये सत्तरी ओलांडलेल्यांना म्हातारपणाचं पेन्शन सुरू झालं. पण तिथं जन्मनोंदणी १८६४ पासूनची, मग वय सिद्ध कसं करणार? तर ज्यांना त्या रात्रीची आठवण सांगता येते ते सत्तरीच्या पुढचे, असा पुरावा चालवून घेतला जायचा. साहजिकच ती आठवण असलेली माणसं अचानक फार वाढली!

---

बेदाणा

हे भारी आहे. माझी आज्जी स्वतःचं वय 'कोयनेच्या भूकंपात तुझा बाप कडेवर होता' असं सांगायची. कागदावरची तारीख शाळेच्या मास्तरांनी टाकलेली.

---

अदालतवाडा_आई

आमच्याकडे पाटण तालुक्यात अजून असंच सांगतात. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. माझ्या मोठ्या नणंदेचा जन्म 'भूकंपाच्या आधीच्या दिवाळीतला'.

---

दक्षिणवारा

सांगलीत आता पोरांची वयंही तशीच सांगतात. हा २००५ च्या पुरातला, ही २०१९ च्या.

---

तव्यावरची_भाकरी

सगळे इतकं गंभीर बोलताय, जेवणाचं कुणी विचारेना. वीज गेली की शेगडीही गेली, कारण तिकडं बहुतेक घरांत विजेचीच. मग काय खाता? माझा भाऊ आयर्लंडमध्येच असतो. त्यानं छोटी गॅसची शेगडी घेऊन ठेवलीय, पण ती बंद खोलीत पेटवायची नाही, दारं-खिडक्या उघडाव्या लागतात आणि वादळात त्या उघडता येत नाहीत. म्हणून मी त्याला मेतकूट, भाजके शेंगदाणे, दाण्याची चटणी, गुळाच्या दशम्या आणि भडंग असं करून पाठवते. भडंगाला फक्त कांदा चिरायला लागतो.

---

क्लाडा_काठ

दशम्या! एओविनच्या वेळी आमच्याकडे मेतकूट-भात होता, पण भात आदल्या रात्रीच शिजवून ठेवलेला. गॅसवर किंवा तेलावर चालणारी घर गरम करायची यंत्रणाही विजेशिवाय सुरू होत नाही, हे नवीन माणसाला माहीत नसतं. घोंगडी असेल तर बाहेर काढून ठेव. थर्मास भरून ठेव. पॉवर बँक भरून ठेव. आणि तुझ्या घराचा एअरकोड पाठ कर. इथं प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र सात अक्षरी कोड असतो, ११२ ला फोन केला तर तोच सांगायचा. समुद्रात कुणी अडचणीत दिसलं तर त्याच नंबरवर कोस्ट गार्ड मागायचं, स्वतः जायचं नाही.

---

घाटमाथा

बरं, पठारावरच्या दादांचं आणि क्लाडाताईंचं पटलं, भरतीच्या वेळी भिंतीजवळ नको. पण माझा मुद्दा अजून तोच आहे. वारा-पाऊस आहे म्हणून सगळा हिवाळा घरात काढला तर माणूस तिकडं एकटा पडतो. माझा मित्र नॉर्वेत बर्गनला गेला होता. पावसामुळं बाहेर पडायचा नाही, ओळखी झाल्या नाहीत, आणि वर्षाच्या आत परत आला. पिवळा इशारा म्हणजे बंदी नव्हे ना?

---

दक्षिणवारा

हे मात्र तू लाख बोललास. पिवळा म्हणजे सावध राहा, बंदी नाही. इथंही लोक भर वाऱ्यात कुत्री फिरवतात. छत्री मात्र विसर, एका झोतात उलटते. पूर्ण अंगभर जलरोधक कपडे, पायांत घट्ट बूट. आमचे आजोबा भातलावणीला इरलं घ्यायचे, हात मोकळे आणि पाठ कोरडी. तसं काहीतरी हवं.

आणि एक गंमत. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडं पाठ करून उभं राहिलं की कमी दाबाचा भाग डाव्या हाताला असतो. आमच्याकडे उजव्या हाताला. मी इथं आल्यावर पहिला हिवाळाभर उलट्या बाजूला ढग बघत होतो.

---

माहुलीची_पोर

मंडळी, थोडं उशिरा लिहितेय. मध्ये एक नारिंगी इशाऱ्याचं वादळ येऊन गेलं, त्यामुळं तुम्ही सांगितलेलं करून बघायची संधी मिळाली.

वादळाच्या आधीच्या रविवारी हवा शांत होती. काकांच्या सांगण्यावरून आमच्या भागात फक्त उतार बघत फिरले. समुद्राशी समांतर असलेली एक गल्ली प्रॉमपेक्षा खोलगट आहे, आणि मी रोज तिथूनच जाते. तिच्या मधल्या दोन घरांच्या दारांना खाली धातूची आडवी खाच आहे, पाणी अडवायची फळी बसवण्यासाठी. एरवी मला ती दिसलीच नसती. तिथल्या एका आजींशी बोलणं झालं. त्यांनी मला कुठवर पाणी आलं होतं ते हातानं दाखवलं, मग चहाला बोलावलं. काका, तुमच्या खांबाचं मी त्यांना सांगितलं. त्यांना फार आवडलं.

वादळाच्या दिवशी भरती दुपारी होती, वारा नैऋत्येचा. वाहनतळ आदल्या संध्याकाळीच बंद केलेले. मी आईला निरोप टाकला आणि घरात राहिले. @घाटमाथा, वरच्या मजल्याच्या खिडकीतून प्रॉमच्या दिव्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत पांढरं पाणी उडताना दिसलं. व्हिडिओ काढलाय, पण काचेवर इतकं मीठ बसलं होतं की त्यात धुकंच जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला निघाले. अर्धी वस्ती बाहेर! प्रॉमभर समुद्री शेवाळ आणि दगड, महापालिकेची माणसं फावड्यानं ओढतायत, लोक एकमेकांना तुमचं काही मोडलं का विचारतायत. इतक्या दिवसांत माझ्याशी जेवढी माणसं बोलली नव्हती तेवढी त्या सकाळी बोलली. ब्लॅकरॉकच्या उडी मारायच्या मनोऱ्यापर्यंत चालत गेले. तिथं प्रॉम संपतो, आणि शेवटच्या भिंतीला पाय लावून मागं फिरायची इथली पद्धत आहे. एका बाईंनी मला ते करायला लावलं. पलीकडे क्लेअरचे बरनचे डोंगर पहिल्यांदाच स्वच्छ दिसले, राखाडी, उघडे, आपल्या पावसाआधीच्या डोंगरांची आठवण करून देणारे.

तर माझ्यापुरतं उत्तर मिळालं. एप्रिलपर्यंत थांबायचं नाही. वादळाच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी फिरायचं, मधला दिवस घरात. नवरापण आता भरतीचं वेळापत्रक बघून दुकानात जातो.

---

आयर्विन_४५

शाब्बास पोरी. त्या दोन घरांच्या खाचा दिसल्या, तुला तुझा खांब मिळाला. आता तुमच्या घरमालकाला विचार, त्या खोलगट गल्लीचं पावसाचं गटार कुठं जाऊन मिळतं आणि त्याच्या तोंडाला समुद्राकडं उघडणारी झडप आहे का. झडप असेल तर भरतीत समुद्राचं पाणी उलटं येणार नाही, पण पावसाचं पाणीही तेवढ्या वेळेपुरतं आत अडकणार. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी असली की त्या गल्लीनं जाऊ नकोस, लाट आली नाही तरी.

---

तव्यावरची_भाकरी

आजींकडे जाताना दशम्या ने.

---

क्लाडा_काठ

@माहुलीची_पोर, येत्या रविवारी दुपारी ओहोटी आहे आणि अंदाजात वारा कमी दिसतोय. सिल्व्हर स्ट्रँडला ये, बार्नाच्या अलीकडे. भरतीला तिथं वाळू जवळजवळ उरत नाही, ओहोटीलाच चालता येतं. आम्ही दोन-तीन मराठी घरं येतोय, एक कुटुंब विट्याचं आहे. शनिवारी रात्री अंदाज परत बघू. नारिंगी झाला तर माझ्या घरी.

---

माहुलीची_पोर

नक्की येते, ताई. नवऱ्यालाही आणते. बेदाणा, तासगावचं भडंग खरंच पाठवणार असशील तर पत्ता व्यक्तिगत निरोपात टाकलाय!